कोलकात्याची जुनी दफनभूमी आणि मराठ्यांच्या खुणा

बुधवार

पार्क स्ट्रीटच्या एका टोकाला, चौरंगीच्या कोपऱ्यावर, एशियाटिक सोसायटीची वास्तू आहे आणि दुसऱ्या टोकाजवळ, आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग आडवा येतो त्याच्या थोडे अलीकडे, सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांची कबर आहे. हे अंतर रमतगमत चालले तरी अर्ध्या तासात कापता येते. त्यामुळे मेट्रोने पार्क स्ट्रीट स्थानकावर उतरल्यावर दुसरे वाहन न घेता मी पायीच निघालो. या रस्त्याचे आजचे अधिकृत नाव मदर तेरेसा सरणी असले तरी ते कोणाच्या तोंडी फारसे ऐकू येत नाही. अठराव्या शतकात याला बरियल ग्राउंड रोड म्हणत, कारण शहरातून दफनभूमीकडे जाण्याखेरीज या वाटेला दुसरे प्रयोजन नव्हते. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश सर एलायजा इम्पे यांनी येथे हरणे पाळलेले उद्यान राखले आणि त्या उद्यानावरून ‘पार्क स्ट्रीट’ हे नाव रूढ झाले. महाराजा नंदकुमार यांना १७७५ मध्ये फाशीची शिक्षा सुनावणारे इम्पे ते हेच.

साउथ पार्क स्ट्रीट सेमेटरी १७६७ मध्ये सुरू झाली. शहराच्या मध्यभागी, आजच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात, जी जुनी दफनभूमी होती तिच्यात जागा उरली नव्हती, तेव्हा कंपनी सरकारने वस्तीबाहेरची ही जागा निवडली. नंतर शहर वाढत वाढत तिच्या पलीकडे गेले आणि आज ही सुमारे आठ एकरांची भिंतीआडची जमीन भर वाहतुकीच्या मध्यभागी आली आहे. फाटकातून आत शिरल्यावर हॉर्नचा आवाज थांबत नाही, मात्र तो मागे पडतो आणि डोळ्यांसमोर जे येते त्याला दफनभूमी म्हणावे की एखाद्या छोट्या नगराचे अवशेष, असा प्रश्न पडतो. जमिनीसरपट थडगी येथे फार थोडी आहेत. मुख्य वाटेच्या दोन्ही बाजूंना पिरॅमिड, निमुळते उंच ओबेलिस्क, खांबांवर तोललेले घुमट, कलश ठेवलेले चौथरे आणि ग्रीक-रोमन धाटणीचे मंडप इतके दाटीने उभे आहेत की काही ठिकाणी दोन वास्तूंमधून एका माणसाने आडवे होऊन जावे लागते. अशी सुमारे १,६०० थडगी या आवारात आहेत.

पहिल्या तासाभरात मी नावे वाचण्यापेक्षा बांधकामच अधिक पाहिले. दुरून हे सारे दगडी वाटते, परंतु जवळ गेल्यावर गिलावा जिथे सुटला आहे तिथून पातळ विटा दिसू लागतात. बंगालचा हा सखल प्रदेश गाळाचा असल्याने येथे बांधकामाचा दगड मिळत नाही. म्हणून आतून वीट, वरून चुन्याचा गिलावा आणि त्या गिलाव्यावर दगडी सांध्यांचा आभास निर्माण करणाऱ्या रेघा, अशी ही युक्ती आहे. संगमरवर फक्त लेखाच्या पाटीपुरता वापरलेला आढळतो. सह्याद्रीच्या काळ्या दगडातील बांधकामाची सवय असलेल्या नजरेला ही तडजोड लगेच जाणवते. चुना ओलावा शोषून घेतो, पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते, भेगेत पक्ष्यांनी टाकलेले वडा-पिंपळाचे बी रुजते आणि मुळे विटा वेगळ्या करत जातात. अडीचशे वर्षांत यातले कितीतरी नष्ट व्हायला हवे होते. ते टिकले याचे श्रेय वेळोवेळी झालेल्या डागडुजीला द्यावे लागेल. दक्षिण आशियातील अशा दफनभूमींसाठी ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचाही त्यात वाटा आहे.

जोन्स यांचा ओबेलिस्क शोधावा लागत नाही. इतर वास्तूंच्या डोक्यांवरून तो सरळ वर गेलेला दिसतो. १७८३ मध्ये न्यायाधीश म्हणून कलकत्त्यास आलेल्या या गृहस्थांनी पुढच्याच वर्षीच्या जानेवारीत एशियाटिक सोसायटी स्थापन केली, १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे असा विचार आपल्या व्याख्यानात मांडला, १७८९ मध्ये शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि एप्रिल १७९४ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, येथेच त्यांचा अंत झाला. त्यांनी आपला मृत्युलेख स्वतःच लिहून ठेवला होता. देवाला भिणारा पण मृत्यूला न भिणारा, नीच आणि अन्यायी यांच्याखेरीज कोणाला आपल्याहून कमी न लेखणारा आणि ज्ञानी व सद्गुणी यांच्याखेरीज कोणाला आपल्याहून मोठा न मानणारा, असे त्यात त्यांनी स्वतःचे वर्णन केले आहे. वाक्ये नम्र आहेत असे म्हणवत नाही, परंतु ज्याने ती लिहिली त्याला तो अधिकार होता.

जोन्स यांच्यापेक्षा अधिक पर्यटक मला रोझ एलमर हिच्या थडग्यापाशी दिसले. मळसूत्रासारख्या वळणांचा तो उंच शंकू छायाचित्राला सोयीचा आहे, हे एक कारण असावे. उमराव घराण्यातील ही मुलगी सर हेन्री रसेल या न्यायाधीशांच्या पत्नीची, म्हणजे आपल्या मावशीची, सोबत करण्यासाठी कलकत्त्यास आली आणि मार्च १८०० मध्ये, विसाव्या वर्षी, पोटाच्या विकाराने गेली. त्या काळातील वकील विल्यम हिकी याने आपल्या आठवणींत याचा दोष अननसाच्या अतिरेकी सेवनाला दिला आहे. वेल्समध्ये तिला ओळखत असलेला कवी वॉल्टर सॅव्हेज लँडर याने तिच्यावर आठ ओळींची कविता लिहिली आणि ती पुढे या थडग्यावर कोरण्यात आली. तिच्याहून मोठ्या हुद्द्यांच्या माणसांची थडगी आजूबाजूला आहेत, पण लोक थांबतात ते या आठ ओळींमुळे.

गुरुवार

सकाळी लवकर पुन्हा तिथेच गेलो, कारण आदल्या दिवशी पाट्या वाचायच्या राहिल्या होत्या. येथील लेख ओळीने वाचत गेले की मनावर पहिला ठसा उमटतो तो वयांचा. एकोणीस, बावीस, सव्वीस, आणि मुलांच्या बाबतीत महिने. ताप, पटकी, बाळंतपण. दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, अशी म्हण तेव्हाच्या इंग्रजांत होती. ती सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने नोंदवली, तीही कलकत्त्याविषयी नव्हे, मुंबईविषयी. कलकत्त्यात ती तितकीच लागू पडली.

आजच्या फेरीत मी ज्याच्या शोधात होतो ते कर्नल जॉर्ज मॉन्सन आणि त्यांची पत्नी लेडी अ‍ॅन मॉन्सन यांचे दफनस्थान होते. मराठी वाचकाने या जोडप्यापाशी थोडा वेळ काढावा असे मला वाटते. लेडी अ‍ॅन वनस्पतीशास्त्राच्या अभ्यासक होत्या. लिनीयसने एका वनस्पतीवर्गाला त्यांच्या नावावरून मॉन्सोनिया हे नाव दिले. त्या फेब्रुवारी १७७६ मध्ये गेल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कर्नलही गेले. (यशवंतराव होळकरांपुढून १८०४ मध्ये माघार घेणारा मॉन्सन तो दुसरा.) हे कर्नल मॉन्सन, जनरल जॉन क्लेव्हरिंग आणि फिलिप फ्रान्सिस हे तिघे १७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या मंडळाचे सभासद म्हणून आले आणि तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने त्यांनी गव्हर्नर जनरलचे हात बांधून टाकले. मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांशी परस्पर केलेला १७७५ चा सुरतेचा तह याच मंडळाने अमान्य ठरवला आणि कर्नल अप्टनला पुण्याकडे धाडले. मार्च १७७६ मधला पुरंदरचा तह त्यातून झाला. मॉन्सन वारल्यावर मते समसमान झाली, निर्णायक मत हेस्टिंग्जच्या हाती आले, आणि पुढच्या वर्षी क्लेव्हरिंगही याच आवारात येऊन विसावले. त्यानंतर बंगालच्या फौजा देश ओलांडून मराठ्यांवर चालून आल्या. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची कारणे केवळ या दोन मृत्यूंत शोधणे भाबडेपणाचे ठरेल, पण ते युद्ध पुढे ज्या रीतीने चालले तिला कलकत्त्याच्या हवेनेही हातभार लावला, हे या दोन कबरी पाहताना मान्य करावे लागते. पुण्यात नाना फडणवीस आणि सखारामबापू ज्या मंडळाशी खलिते लिहून झुंजत होते त्या मंडळाच्या पाचांपैकी दोघे येथे आहेत.

कर्नल रॉबर्ट किड यांचेही दफन याच आवारात झाले. गंगेपलीकडच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यान, ज्यातला विस्तीर्ण वड जगप्रसिद्ध आहे, ते १७८७ मध्ये यांनीच उभारले. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर उपासमारीवर उपाय ठरतील अशी झाडे येथे वाढवता यावीत, हा त्यांच्या प्रस्तावामागचा एक हेतू होता. मरणानंतर आपल्याला आपल्या बागेतच पुरावे, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहिली होती. ती पाळली गेली नाही.

मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट यांच्या समाधीपाशी मात्र मी बराच वेळ घालवला. डब्लिनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ रोज गंगास्नान करीत, मूर्ती जमवीत आणि इंग्रज स्त्रियांनी साडी नेसावी असा आग्रह वर्तमानपत्रांतून धरीत. ‘हिंदू स्टुअर्ट’ या नावाने ते ओळखले जात. १८०८ मध्ये, मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर म्हणून, त्यांनी हिंदूंच्या बाजूने एक निनावी पुस्तिका प्रसिद्ध केली. १८२८ मध्ये ते वारले, त्यांचे दफन ख्रिस्ती दफनभूमीतच झाले आणि त्यावर छोटे देऊळ वाटावे अशी, नक्षीदार दाराची समाधी बांधली गेली. त्यांच्यासोबत त्यांच्या काही मूर्तीही पुरल्या गेल्याचे सांगतात. उरलेल्या मूर्तीसंग्रहाचा मोठा भाग पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. त्यांचे हिंदू धर्मावरील प्रेम खरे होते, याविषयी मला शंका नाही, परंतु हे प्रेम आणि मूर्ती उचलून नेणे ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी सुखाने नांदत होती, हेही विसरता येत नाही. ग्रीक खांबांच्या गर्दीत हे शिखर पाहून पुष्कळजण कौतुकाने हसतात. मला ते येथील सर्वांत प्रामाणिक बांधकाम वाटले, कारण इतर सारी थडगी मालकाने कधीही न पाहिलेल्या अथेन्स-रोमची नक्कल करतात आणि हे एकच त्याने रोज पाहिलेल्या वास्तूची.

पश्चिमेच्या बाजूला हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ यांची कबर आहे. येथे ताजी फुले होती. सतराव्या-अठराव्या वर्षी हिंदू कॉलेजात शिक्षक झालेला, विद्यार्थ्यांना प्रत्येक रूढीला प्रश्न विचारायला शिकवणारा आणि त्यापायी एप्रिल १८३१ मध्ये नोकरी सोडावी लागलेला हा तरुण त्याच डिसेंबरात पटकीने वारला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याचे शिष्य ‘यंग बेंगॉल’ म्हणून ओळखले गेले आणि बंगालच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या वैचारिक इतिहासात त्यांची नावे पुनःपुन्हा येतात. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले ते जानेवारी १८३२ मध्ये, म्हणजे डिरोझिओ गेल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत. दोन प्रांतांतील ही समकालीनता आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी शेजारी मांडली जात नाही.

निघताना चार्ल्स डिकन्स यांचा मुलगा वॉल्टर याची स्मृतिशिला पाहिली. तो १८६३ च्या अखेरच्या दिवशी वारला आणि भवानीपूरच्या लष्करी दफनभूमीत पुरला गेला. शिला मात्र १९८७ मध्ये येथे आणण्यात आली. त्याचे पूर्ण नाव वॉल्टर लँडर डिकन्स, आणि ज्या कवीवरून ते ठेवले तो रोझ एलमरवर कविता लिहिणारा लँडरच.

शुक्रवार

जुनी दफनभूमी भरली म्हणून नवी काढली गेली, तर ती जुनी पाहणे ओघानेच आले. सेंट जॉन्स चर्च राज्यपालांच्या निवासस्थानाच्या पश्चिमेला, कार्यालयांच्या गजबजाटात आहे. शोभाबाजारच्या नवकृष्ण देव यांनी दिलेल्या जमिनीवर बांधलेले हे चर्च १७८७ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले. त्यासाठी बंगालची जुनी राजधानी गौड हिच्या अवशेषांतून दगड आणला गेला, म्हणून लोक याला पाथुरे गिर्जा म्हणत. बांधकामासाठी आवारातील पुष्कळ जुनी थडगी काढावी लागली आणि त्यांच्या शिला जॉब चार्नॉकच्या समाधीभोवती जमिनीत बसवण्यात आल्या. त्यांवरून चालताना प्रथम संकोच वाटतो.

चार्नॉक ऑगस्ट १६९० मध्ये सुतानुटीला उतरला आणि कलकत्त्याचा संस्थापक म्हणून गणला गेला. तो मान त्याचा नाही, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला आहे. त्याची अष्टकोनी समाधी जावई चार्ल्स आयर याने बांधली. आतील शिला मद्रासजवळच्या पल्लावरम येथून आणलेली आहे. भूगर्भशास्त्रज्ञ थॉमस हॉलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या प्रकारच्या खडकाचा अभ्यास करताना त्याला चार्नोकाइट हे नाव याच कबरीवरून दिले. एखाद्या कारभाऱ्याच्या थडग्याच्या दगडाने भूगर्भशास्त्राला संज्ञा पुरवावी, ही गोष्ट मला त्याच्या संस्थापकपणाच्या वादापेक्षा अधिक मोलाची वाटते. बादशहा फर्रुखसियरला बरे करणारा शल्यविशारद विल्यम हॅमिल्टन याची शिलाही याच समाधीत आहे आणि तिच्यावर इंग्रजीबरोबर फारसी मजकूर आहे.

परंतु या आवारात मी आलो होतो तो अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसनच्या ओबेलिस्कसाठी. वॉटसन १६ ऑगस्ट १७५७ रोजी, प्लासीच्या लढाईनंतर दोन महिन्यांच्या आत, कलकत्त्यात वारला. त्याच्या स्मारकावर पराक्रमांची यादी आहे: १७५७ मधील कलकत्त्याची सुटका आणि चंद्रनगरचा पाडाव, आणि या दोहोंच्या आधीचा, १३ फेब्रुवारी १७५६ चा, घेरियाचा विजय. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. वाघोटन खाडीच्या मुखावरचा आंग्र्यांचा तो किल्ला, त्याच्या आश्रयाला असलेले आरमार आणि तुळाजी आंग्रे यांची अखेर, हे सारे येथे एका ओळीत मावले आहे.

ती ओळ मी कितीतरी वेळ वाचत राहिलो, आणि मनात अभिमान किंवा संताप यांपैकी काहीच एकट्याने उभे राहिले नाही. विजयदुर्ग एकट्या वॉटसनने घेतला नाही. समुद्रातून त्याच्या तोफा आणि जमिनीवरून क्लाइव्हची माणसे होती, आणि या मोहिमेला संमती व साथ होती ती पुण्याच्या पेशव्यांची, कारण तुळाजीने सातारा आणि पुणे दोघांनाही जुमानणे सोडले होते. खाडीतले आरमार जळाले, कोकणपट्टीवर इंग्रजांच्या गलबतांना अडवील अशी मराठी ताकद राहिली नाही, आणि तोच वॉटसन, तोच क्लाइव्ह, वर्ष संपायच्या आत बंगालच्या उपसागरात शिरले. विजयदुर्ग आणि प्लासी यांमध्ये सोळा महिन्यांचे अंतर आहे. आपल्या इतिहासात पहिली घटना कोकणच्या प्रकरणात येते आणि दुसरी बंगालच्या. या स्तंभावर त्या एकाच माणसाच्या नोकरीतील लागोपाठच्या नोंदी आहेत, आणि मला वाटते तोच क्रम अधिक खरा आहे.

आवारातील बाकीच्या गोष्टी मी भरभर पाहिल्या. बेगम जॉन्सन यांचे थडगे, रोहिला युद्धाचे खांबांचे स्मारक आणि डलहौसी चौकातून १९४० मध्ये येथे हलवलेले ब्लॅक होलचे, म्हणजे १७५६ मध्ये कोठडीत गुदमरून मेलेल्या इंग्रज कैद्यांचे, स्मारक. त्या शेवटच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की भर घालण्याजोगे माझ्याकडे काही नाही.

शनिवार

आज पुन्हा पार्क स्ट्रीटच्या पूर्व टोकाला. साउथ सेमेटरीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, एकेकाळी नॉर्थ पार्क स्ट्रीट सेमेटरी होती आणि कादंबरीकार थॅकरे यांचे वडील १८१५ मध्ये तिथे पुरले गेले होते. १९५३ मध्ये ती मोडण्यात आली व त्या जागी आता रुग्णालय आणि शाळा आहे. दक्षिणेचे आवार का टिकले आणि उत्तरेचे का गेले, याचे उत्तर आठ एकर जमिनीची या भागातली किंमत पाहता दुसऱ्या प्रश्नापुरते सोपे आहे.

थोडे पुढे गेल्यावर आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग लागतो. याचे जुने नाव लोअर सर्क्युलर रोड, आणि सर्क्युलर रोडची रेषा ज्या खणलेल्या-आखलेल्या खंदकावरून आली त्याचे नाव होते मराठा डिच. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालात शिरले तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी नबाबाच्या परवानगीने शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल काम झाले. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत आणि उरलेले काम सोडून देण्यात आले. १७९९ मध्ये खंदक बुजवून रस्ता करायला सुरुवात झाली. बंगालच्या खेड्यांना ‘बर्गी’, म्हणजे लुटारू मराठे स्वार, म्हणून जो अनुभव आला तो येथील अंगाईगीतांपर्यंत पोचला आहे, आणि मराठी माणसाने हा रस्ता ओलांडताना त्याची आठवण ठेवणे योग्यच आहे. आपल्या इतिहासग्रंथांत ही मोहीम चौथाईच्या हिशेबात सांगितली जाते. १७५१ च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाख ठरले, येथे ती संपते. इकडे ती त्या आकड्याने संपत नाही.

रस्त्यापलीकडे लोअर सर्क्युलर रोड सेमेटरी आहे. ती १८४० मध्ये सुरू झाली आणि आजही वापरात आहे, त्यामुळे येथे पिरॅमिड नाहीत, साधे क्रूस आणि शिला आहेत. काबूलमध्ये १८४१ साली मारला गेलेला इंग्रजांचा राजदूत मॅकनॉटन येथे आहे. मुलींसाठी १८४९ मध्ये शाळा काढणारे बेथून येथे आहेत आणि गांधीजी व रवींद्रनाथ या दोघांचेही स्नेही असलेले दीनबंधू अँड्र्यूज १९४० मध्ये येथेच विसावले.

बंगाली माणूस मात्र येथे येतो तो मायकेल मधुसूदन दत्त यांच्यासाठी. बंगाली काव्यात निर्यमक छंद रुजवणारा हा कवी २९ जून १८७३ रोजी कर्जात आणि आजारपणात गेला. पत्नी हेन्रिएटा तीन दिवस आधी वारली होती. दोघे शेजारी आहेत. कवीने स्वतःसाठी लिहिलेला मृत्युलेख बंगालीत शिलेवर कोरलेला आहे आणि त्यापुढे उभ्या असलेल्या दोन विद्यार्थिनी तो मोठ्याने म्हणत होत्या, म्हणून लिपीशी फार झगडावे लागले नाही. वाटसरूला तो थांबायला सांगतो, तुझा जन्म वंगभूमीत झाला असेल तर क्षणभर थांब, असे. मग स्वतःची ओळख देतो: कपोताक्ष नदीच्या तीरावरचे सागरदाडी हे गाव, वडील राजनारायण, आई जाह्नवी, आणि दत्त कुळात जन्मलेला कवी श्रीमधुसूदन. तीन दिवस मी या शहरात हुद्दे, पलटणी आणि जिंकलेल्या किल्ल्यांची नावे वाचली होती. या लेखात हुद्दा एकही नाही आणि आईचे नाव आहे.